शेगडीची सकाळ

त्या वर्षी थंडीला काय झालं होतं कोण जाणे. दिवाळी होऊन महिना उलटला तरी पाऊस येतच होता. डिसेंबरात सलग दोन दिवस असा कोसळला की माझ्या सासूबाईंच्या गावी, पेणच्या खाडीकाठी, मिठागरात नुकतं धरू लागलेलं मीठ पाण्यात विरून गेलं. मग आभाळ उघडलं ते इतकं तापलं की नाताळात आम्ही पंखा लावून झोपलो. शेतातला वाल फुलावर आला होता, ती फुलं तशीच गळली. आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी ह्यांनी दार उघडलं, "आयला, धुकं बघ," म्हणाले, तर तोंडातून वाफ निघाली. रोह्यात, तोंडातून वाफ. आम्ही दोघं हसलो. मग मी मागं वळून कॉटकडे बघितलं आणि माझं हसू तिथंच राहिलं.

कॉटवर माझी प्रतिक्षा झोपली होती. अडीच महिन्यांची. मुठी गालाशी घेऊन, जणू कुणाशी तरी दोन हात करायला निघालीय.

दुपारी तिच्या मानेच्या वळ्यांत घाम साचायचा, घामोळं उठलं होतं. पहाटे तेच अंग थंडगार. नाक चोंदलं, मग खोकला. एवढ्याशा जिवाचा खोकला कसा असतो, मांजराचं पिल्लू शिंकावं तसा. पण रात्रीतून तो दहा वेळा आला की आईचं काळीज दहा वेळा उठून बसतं. डॉक्टर म्हणाले, "दुपारी तीस-बत्तीस, पहाटे दहा-बारा, मोठ्यांना झेपत नाहीये. हिला ऊब द्या. छाती भरू देऊ नका." आमच्या आळीतली दोन बाळं त्या पंधरवड्यात अलिबागला नेली होती. त्यातलं एकच परत आलं. न आलेल्याच्या आईला मी नळावरून ओळखत होते. नंतर ती नळावर आली की मी माझा हंडा अर्धाच भरून घरी पळायची. तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि ती माझ्याकडे बघेल ह्याचीही भीती वाटायची.

आम्ही भाड्यानं राहायचो ते घर आमनाभाभींचं. त्यांचे मालक अब्बासभाई कुवेतला. घराचा नकाशा त्यांनी तिकडून पाठवला होता, आणि खिडक्याही तिकडच्यासारख्या, ॲल्युमिनियमच्या, सरकत्या, कडेनं काळं रबर लावलेल्या. वर भाभी, खाली आम्ही. एकच खोली, त्यातच ओटा. पहिल्या दिवशी भाभी खिडकी सरकवून दाखवत म्हणाल्या होत्या, "बघ, लावलीस का धुळीचा कण आत येनार नाय. मच्छरसुद्धा दारावर टकटक करल."

सासूबाईंना ते घर फार आवडलं. सगुणाबाई त्यांचं नाव. बाळंतपण माझं माहेरी, पेणला रामवाडीत झालं. तिथून मी रोह्याला आले ती त्यांना घेऊनच. त्यांचं गावचं घर कारवीच्या कुडाचं, वर कौलं. "आमच्या घरात वारा इकडनं शिरतो नि तिकडनं हसत जातो," त्या म्हणायच्या. "हे बरं हाय. थंडीला जागाच नाय." येताना त्यांनी सोबत काय आणलं असेल तर मातीची शेगडी. मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, हिचं तिकीट?" तर म्हणाल्या, "अर्धं काढ, हिला अजून दात नाय आले."

त्या शेगडीवर त्यांनी चार पोरं शेकली होती. निखारे घालायचे, वर ओवा आणि वेखंड टाकायचं, शेगडी बाजेखाली सरकवायची. नाहून आलेलं पोर वर झोपवायचं. "तुझा नवरा ह्याच्यावरच वाढला," त्या सांगायच्या. "त्याला काय झालं?"

"तेच तर मी रोज विचारते," मी म्हणायची, आणि हे पेपराच्या आडून म्हणायचे, "मी इथंच बसलोय."

तर थंडीची काळजी सासूबाईंनी घेतली होती. माझ्याकडे दुसरी भीती होती.

हे धाटावला कंपनीत ऑपरेटर. औद्योगिक वसाहतीचा वास रोह्यात सगळ्यांच्या ओळखीचा. कधी कुजक्या लसणाचा, कधी नखांना लावायच्या रंगासारखा गोडसर. वारा असला की निघून जातो. पण त्या जानेवारीत वारा पडला होता. हे म्हणाले, "गार हवा जड असते. वरनं झाकण बसल्यासारखं होतं, वास वर जात नाही. धुकं उठेपर्यंत खालीच बसतो." त्यांनी हे सहज सांगितलं. मी ते सहज ऐकलं नाही. त्यांच्याकडे सुरक्षेचं एक पत्रक होतं, कंपनीतून मिळालेलं. मी ते मागून घेतलं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. वायुगळती झाल्यास दारे-खिडक्या बंद कराव्यात. फटींना ओले कापड लावावे. नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. मी ते इतक्या वेळा वाचलं की प्रतिक्षाला थोपटताना अंगाईच्या ठेक्यावर तेच ओठांवर यायचं.

"दिसभर नाक वर करून फिरतंस," सासूबाई म्हणायच्या. "कुत्रीवानी."

"आई, तुम्हाला नाही कळत. वासानं माणसं गेलीत."

"वासानं नाय गो, थंडीनं जातात. मी बघितलीत."

संक्रांतीनंतरचा तो बुधवार. हे साडेसहाला पहिल्या शिफ्टला गेले. धुकं इतकं की स्कूटरचा दिवा फाटकापर्यंतसुद्धा दिसला नाही, आवाजच तेवढा गेला. अंगणात सासूबाईंनी चुलीवर पाणी तापवलं. सव्वासातला आम्ही प्रतिक्षाला न्हाऊ घातलं. ती रात्रभर किरकिरली होती. गरम पाणी पाठीवर पडलं तशी गप्प झाली आणि माझ्याकडे बघून ओठ वाकडा केला. हसू की रडू, ते तिचं अजून ठरायचं होतं.

चुलीतले निखारे शेगडीत भरून सासूबाई आत आल्या. मी दार लावायला गेले आणि तो वास आला. लसणाचा, आणि रोजच्यापेक्षा जड. धुक्याबरोबर उंबऱ्यावरून आत घरंगळला.

माझे हातपाय आपसूक कामाला लागले. दार लावलं, वरची कडी घातली. दोन्ही खिडक्या सरकवून घट्ट केल्या. जुनी साडी बादलीत बुचकळली, पिळली, दाराखाली कोंबली. ओट्यावरच्या झरोक्यात टॉवेल ठोसला. सासूबाई बघत राहिल्या. मला वाटलं आता काही तरी टोमणा मारणार, पण त्या म्हणाल्या, "बरं केलंस. थंडी पण बाहेर राहिली." आणि शेगडीत आणखी चार कोळसे घातले.

दहा मिनिटांत खोली उबदार झाली. वास गेला, ओव्याचा तेवढा उरला. प्रतिक्षाला दुपट्यात गुंडाळून मी पाजलं. सासूबाईंनी शेगडी कॉटखाली सरकवली. खिडकीच्या काचेवर पांढरं धुकं टेकलं होतं, आणि मी आत बसून त्याच्याकडे बघत होते. कित्येक दिवसांत मला इतकं सुरक्षित वाटलं नव्हतं. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं की सगळा हिवाळा असाच, ह्या खोलीत, दार लावून काढता आला तर.

प्रतिक्षा झोपली. खोकला नाही, किरकिर नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "शेक लागला का पोर निजतं." त्या भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "डोकं का गो ठणकतंय माझं?"

"माझंही. जागरण."

"धुक्यानं." त्यांनी लुगड्याचा पदर कपाळाला बांधला आणि तिथंच चटईवर कुशीवर झाल्या. सोललेल्या पाकळ्या मुठीतच राहिल्या.

मी बाळाचे लंगोट घड्या करत होते. एक घडी घालायला मला फार वेळ लागत होता. कोपरे जुळत नव्हते. मला वाटलं, माझे डोळे दमलेत. कपाळाच्या आत कुणी तरी हळूहळू दोरी आवळत होतं. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि माझी चोळी ओली झाली होती. दूध वाहत होतं. प्रतिक्षाची पाजायची वेळ टळून गेली होती आणि ती उठली नव्हती. ही मुलगी भुकेला कधी पाच मिनिटं थांबली नव्हती.

मी वाकून बघितलं. गाल गुलाबी झाले होते. आमचं बाळ सावळं. तिला इतकं गुलाबी मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर, आईच ती, मला ते गोड वाटलं.

"प्रतिक्षा. ए बाय, उठ."

गालाला स्तन लावला. तोंड उघडलं नाही. तळव्याला टिचकी मारली. पाय आखडला नाही. उचलली तर मान माझ्या कोपरावरून ओल्या फडक्यासारखी मागं पडली.

"आई." आवाज माझा होता, पण लांबून आला. "आई, ही उठत नाही."

सासूबाईंनी डोळे उघडले, मिटले. ओठ हलले, शब्द आला नाही.

मग मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. गॅस आत आलाय. कुठून तरी, कुठल्या तरी फटीतून, मी सोडलेल्या फटीतून. मी उठायला गेले आणि गुडघे उसाच्या चिपाडासारखे मोडले. रांगत बादलीपाशी गेले. पत्रकात लिहिलं होतं तसा रुमाल भिजवला. तो आणून मी माझ्या हातानं माझ्या लेकीच्या नाकातोंडावर ठेवला.

तिथून पुढं जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाराखालची साडी मी आणखी आत दाबली. झरोका मला गरगरताना दिसत होता. आत राहिलो तर मरतोय, दार उघडलं तर बाहेरचं सगळं विष एकदम अंगावर येईल. तिला छातीशी धरून मी दाराला टेकून बसले आणि नक्की कशानं ती लवकर जाईल ह्याचा हिशेब करू लागले. आईनं कधी करू नये असा हिशेब.

तेवढ्यात दाराच्या पलीकडून, अगदी माझ्या पाठीमागून, बायकांचा आवाज आला.

"ही मांदेली कालची हाईत, गिरजाबाय."

"कालची असती तं मी एवढ्या धुक्यात घेऊन आली असती? गाडीपुढं कंडक्टर चालत होता, बॅटरी घेऊन."

"मग कंडक्टरलाच इकायची होतीस."

"त्यानं घेतली ना. त्याच्या नाकाला वास कळत नाय, तुमच्यासारखा."

आणि आमनाभाभी खदखदून हसल्या.

मी ऐकत होते. ते हसू माझ्या कानात शिरायला वेळ लागला. गिरजाबाई म्हणजे दर बुधवारी येणारी मासळीवाली. ती बाहेर उभी आहे. भाभी बाहेर उभ्या आहेत. धुक्यात, त्या वासात. आणि भांडतायत, हसतायत. पायावर उभ्या राहून हसतायत. बाहेर मरण असेल तर ह्या हसतायत कशा? आणि आत आम्ही तिघी अशा का?

ह्यापुढं मला विचार सुचला नाही, सुचायची शक्ती नव्हती. पण तेवढा पुरला.

कडी वर होती. भाभींच्या घराला सगळ्या कड्या वर, पोरांचा हात पोचू नये म्हणून. एका हातात प्रतिक्षा, दुसऱ्या हातानं भिंत धरत मी उठले. पडले. पडताना तिला पोटावर घेतलं. पुन्हा उठले. बोटं कडीला लागली आणि सुटली. तिसऱ्यांदा मी कपाळ दाराला टेकवून उभी राहिले आणि कडी ओढली. दार उघडेना. मीच कोंबलेली साडी खाली अडकली होती. पायानं ती ओढताना मी रडत होते की शिव्या देत होते, माहीत नाही. दार वीतभर उघडलं. मी त्या फटीतून आधी तिला बाहेर धरलं, दोन्ही हातांनी.

"या अल्ला," भाभींचा आवाज. "काय झालं गो? पोर अशी का?"

"आई आत आहेत," मी म्हणाले आणि उंबऱ्यावर आडवी झाले.

गिरजाबाईनं आत पाऊल टाकलं, शेगडी बघितली आणि जोरात म्हणाली, "मेल्यांनो, कोंडून घेतलंत काय?" तिनं आणि भाभींनी सासूबाईंना बखोट्याला धरून ओढत अंगणात आणलं. त्यांना उलटी झाली. ती होताना ऐकून मला धीर आला, उलटी करणारा माणूस जिवंत असतो. पण प्रतिक्षाचा आवाज नव्हता. गिरजाबाईनं मासळीचा हात लुगड्याला पुसला, दुपटं सोडून प्रतिक्षाला पालथी मांडीवर घेतली आणि पाठ चोळू लागली. गार धुकं तिच्या उघड्या अंगावर. ज्या थंडीपासून मी तिला पंधरा दिवस लपवत होते, त्या थंडीत ती नागडी पडली होती आणि मी हात जोडून त्या थंडीलाच विनवत होते.

तिनं आधी एक पाय आखडला. मग ते मांजराच्या पिल्लाचं शिंकणं. मग रडणं, चिरकं, तुटक. भाभी मटकन खाली बसल्या.

रिक्षा मिळाली. दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनची छोटीशी नळी धरून ठेवली, दुपारपर्यंत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घर कसं आहे? जुनं की नवं?" मी म्हणाले नवं. मग त्यांनी समजावलं. निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. कुडाच्या घरात तो फटींतून निघून जातो, म्हणून पिढ्यानपिढ्या कुणाला कळलं नाही. इथं त्याला वाट नव्हती.

"वाट मी बंद केली," मी म्हणाले.

"आपण म्हणू, थंडीनं केली," ते म्हणाले. चांगले होते बिचारे. पण ते खरं नव्हतं.

तीन वाजता शिफ्ट संपवून हे धावत दवाखान्यात आले, तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर रणरणतं ऊन. पंखा गरगरत होता, नर्स पेपरानं वारा घेत होती. ह्यांनी एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"इतक्या उकाड्यात शेगडी?"

सकाळी दात वाजत होते हे त्या दुपारी मलासुद्धा खोटं वाटत होतं.

"आणि तो वास?" मी विचारलं. "आज जास्त होता."

"काही झालं नव्हतं गं तिकडे," ते म्हणाले. "रोजचाच." ते कॉटवर बसले आणि त्यांनी तिचा पाय मुठीत धरला.

संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं. दार, खिडक्या भाभींनी सताड उघड्या ठेवल्या होत्या. शेगडी अंगणात पडली होती, निखाऱ्यांची राख झालेली. सासूबाई सगळ्यांच्या आधी आत गेल्या आणि पिशवीत लुगडी भरू लागल्या.

"आई, काय करताय?"

"सकाळच्या पयल्या गाडीनं जाते."

"का?"

त्या वर बघेनात. "चार पोरं शेकली मी. पाचवी मारली असती. माझा हात नको तिला लागाया." त्यांच्या निऱ्यांतून एक लसणाची पाकळी पडली. सकाळपासून तिथं कशी अडकली होती कोण जाणे.

हे काही बोलायला गेले, मी त्यांना खुणेनं थांबवलं. ऊन उतरलं होतं. उघड्या खिडकीतून पहिली गार झुळूक आत आली आणि तिच्यामागून, हलका, तोच वास. हात खिडकीकडे गेला होता, तो मी परत घेतला. लावली तर एक भीती, उघडी ठेवली तर दोन. डॉक्टर म्हणाले होते, खिडकी चार बोटं उघडी हवीच, आणि बाळ आईच्या उघड्या अंगाशी ठेवा, त्याच्याइतकी ऊब कशात नाही. पण आईला झोप लागली तर? गोधडी तिच्या तोंडावर सरकली तर? मी चोवीस तास न झोपलेली, डोकं अजून ठणकत होतं.

"आई, मला एकटीला जमणार नाही," मी म्हणाले. "मला फार भीती वाटते."

"मला काय नाय वाटत?" त्या एकदम खेकसल्या. "मला तिच्याकडं बघायची पण भीती वाटते."

"मग इथंच बसून घाबरा ना. तिकडे गावाला एकट्या काय घाबराल."

हे हसले, मग त्यांनी तोंड फिरवलं. सासूबाई पिशवी धरून उभ्या होत्या. मी प्रतिक्षाला त्यांच्या हातांवर ठेवलं. पिशवी खाली पडली, दुसरा इलाजच नव्हता. त्यांनी तिला अशी धरली की जणू काठोकाठ भरलेलं काही आहे, हिंदकळेल. ती जागी होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, ओठ वाकडा केला, आणि रडली. चांगली मोठ्यानं रडली, भुकेनं.

"घे गो, पाज तिला," त्या म्हणाल्या. "थंडी वाढतेय."

रात्रीचं कोण किती वेळ जागणार ते आम्ही तिघांनी तिथंच ठरवून टाकलं. ह्यांनी मधलं जागणं घेतलं, मी पहाटेचं. आणि काळोख पडायच्या आत सासूबाईंनी चटई ओढून कॉटला लावली, पाठ ताठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "पयलं माझं."